शेवटच्या गाण्याचा शेवट

आमच्या भांडुपच्या इमारतीत दर रविवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी कोंबडा आरवतो. कोंबडा पाळायला सोसायटीची परवानगी नाही, आणि या कोंबड्याला मरूनही चाळीसेक वर्षं झाली असतील. तो आरवतो गावडेकाकांच्या कॅसेटमध्ये, एका इंग्रजी गाण्याच्या मधोमध. इतका वेळेवर आणि इतका सुरात आरवतो, की नवीन भाडेकरूंना तो गाण्याचाच भाग वाटतो.

गावडेकाका चौथ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या, बरोबर त्यांच्या खाली. पासष्टी उलटलेला, काटकुळा, इस्त्रीच्या शर्टाशिवाय कचरा टाकायलाही खाली न उतरणारा माणूस. रंगाच्या कारखान्यात फिटर होते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, आता एकटेच असतात. गणपतीत आरतीला टाळ वाजवतात, मालवणी माणसाला शोभेल इतके मासे खातात आणि वर्षातले बावन्न रविवार न चुकता तीच एक कॅसेट लावतात.

ती आहे इंग्लंडमधल्या कुठल्याशा पावसाळी गावच्या चार पोरांची पहिली प्लेट. प्लेट म्हणजे रेकॉर्ड, काकांच्या तोंडी तोच शब्द. पुढे त्या पोरांनी आणखी बऱ्याच प्लेटा काढल्या, मोठी झाली, भांडली, वेगळी झाली. काकांना त्याच्याशी काही कर्तव्य नाही. मी एकदा विचारलं, की पुढच्या का नाही ऐकत? तर म्हणाले, "पहिली ती पहिली गं, वंदना. उद्या आपल्याला परत कोण बोलावेल की नाही, याची खात्री नसते ना, तेव्हा माणूस असा वाजवतो. एकदा खात्री झाली की हात सैल पडतो. आमच्या कारखान्यात पण तेच."

गिटारींबद्दलही त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. गिटारी दोन. एक भांडते, दुसरी समजूत घालते, आणि शेवटी समजूत घालणारीच जास्त भडकते. मला संगीतातलं काही कळत नाही, मी शाळेत गणित शिकवते. पण हे ऐकल्यापासून मला त्या गाण्यात माझी सासू आणि नणंद ऐकू यायला लागल्या, आणि खरं सांगते, गाणी आवडायला लागली.

काकांचं एक पेटंट वाक्य आहे: "बरं दिसत नाही." एका मजल्यासाठी लिफ्ट बोलावणं बरं दिसत नाही. कुणाच्या दारात चप्पल उलटी पडलेली असली तर ती तशीच सोडून जाणं बरं दिसत नाही. एका रविवारी त्यांच्या मोरीचा पाइप फुटून माझ्या स्वयंपाकघरात धार लागली. मी वर धावले, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. काकांनी दोन गाण्यांच्या मधे दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि पुढचं गाणं संपेपर्यंत मला उंबऱ्यात उभं केलं. मग पाना घेऊन खाली आले, दहा मिनिटांत पाइप बसवला, माझी फरशीही पुसून दिली. मला रागाने लाल झालेली बघून म्हणाले, "चालू गाण्यातून उठणं बरं दिसत नाही. पोरं जीव तोडून वाजवतायत." फरशीवर गुडघाभर पाणी झालं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

आता गंमत ऐका. गाण्यातून उठणं ज्यांना बरं दिसत नाही, त्यांच्याच कॅसेटमध्ये शेवटचं गाणं अर्धवट आहे. कॅसेट जुनी, आधी कधीतरी तुटलेली, चिकटपट्टीने जोडलेली, म्हणून लांबीला कमी. शेवटच्या गाण्यात दोन्ही गिटारी अगदी हातघाईवर येतात, आता काय होतंय म्हणून आपण कान टवकारतो, तेवढ्यात एक बाई हाक मारते, "जेवून जा रे पोरा, होडी कुठे पळत नाही." आणि खट्. टेप संपली. पहिलं वर्षभर मला वाटायचं, ती हाक आमच्याच इमारतीतल्या कुणाची आहे.

खट् झालं की काका उठायचे, कॅसेट रुमालाने पुसून डबीत ठेवायचे. म्हणजे ज्या प्लेटेवर त्यांनी उभा जन्म काढला, तिचा शेवट त्यांना माहीत नव्हता. गणिताच्या बाईला अर्धवट सोडलेलं उदाहरण बघवत नाही. मी एका रविवारी शिरा करून वर गेले. मोबाइलवर ते गाणं शोधून, नेमकं त्या जागेवर आणून ठेवलं होतं. खट् झालं आणि मी बटण दाबलं.

काकांनी कानांत बोटं घातली आणि मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागले. एकोणतीसचा. तोही चुकीचा. पाढे म्हणत म्हणतच ते चपला न घालता जिना उतरले, आणि इस्त्रीशिवाय कुणाला न दिसलेले गावडेकाका बनियनवर गेटपाशी उभे राहिलेले सगळ्या सोसायटीने पाहिले. मी शिरा तिथेच ठेवून घरी आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी शिऱ्याचं भांडं परत करायला आले. रिकामं भांडं परत करणं बरं दिसत नाही, म्हणून त्यात चार लाडू होते. म्हणाले, "वर ये. काहीतरी दाखवतो." त्यांनी कपाटातून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काळं, खोलगट, मोठ्या वाडग्यासारखं काहीतरी. मधे भोक होतं आणि वास आमसुलांचा येत होता. ती रेकॉर्ड होती.

आयटीआयला काकांच्या बाकावर फ्रान्सिस नावाचा मुलगा बसायचा, गोराईचा. त्याचा काका बोटीवर नोकरीला, त्याने ही प्लेट आणलेली. दर रविवारी आमचे काका भांडुपहून निघून बोरिवली गाठायचे, खाडी ओलांडून गोराईला जायचे आणि दोघं ती ऐकायचे. पण तेव्हा परतीची शेवटची होडी लवकर सुटायची. त्यातून फ्रान्सिसची आई आधी घरातली कामं सांगायची आणि मग प्लेट लावू द्यायची. त्यामुळे शेवटचं गाणं लागलं की काकांची पळापळ. एकदाही ते पूर्ण ऐकून झालं नाही. प्लेयरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट केली, तीही त्याच जागी संपली. कोंबडा तेव्हाच आत आला.

शेवटी फ्रान्सिसच म्हणाला, की घेऊन जा घरी आणि एकदाचा शेवट ऐक. इकडे काकांनी गणपती मंडळाचा प्लेयर रविवार संध्याकाळपुरता मागून ठेवला. आणि रविवारी दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, आईने गावाहून आलेल्या आमसुलांना ऊन दाखवायला ती प्लेट चाळीच्या गच्चीवर नेली. मुंग्या लागू नयेत म्हणून रिकाम्या पातेल्याच्या तोंडावर ठेवली आणि वर आमसुलं पसरली. संध्याकाळी काका गच्चीवर गेले, तर प्लेट पातेल्यात उतरली होती.

"आई खूश होती," काका म्हणाले. "ह्या काळा ताट बरा तापता, म्हणाली, सोलां बेगीन सुकली. असला आणखी एक मिळाला तर आण."

काकांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही की ते ताट नव्हतं. तिला वाईट वाटलं असतं. फ्रान्सिसला सांगायची हिंमत झाली नाही. तो रविवार चुकला, पुढचा चुकला, मग जायला तोंडच राहिलं नाही. महिन्याभराने फ्रान्सिस स्वतः पत्ता काढत भांडुपला आला. काका माळ्यावर ट्रंकेमागे लपले आणि आईकडून गावाला गेलाय म्हणून सांगवलं. आईने त्याला बसवून सोलकढी पाजली. तीच आमसुलं. तो दोन पेले प्यायला, छान आहे म्हणाला, आणि गेला. परत कधी आला नाही.

मला हसू आवरेना, आणि काकांचे डोळे भरलेले. वाट लागली माझी. शेवटी मी विचारलं, की मग मोबाइलवर शेवट ऐकायला काय हरकत होती? काका वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "ज्याची प्लेट मी घालवली, त्याच्या पाठीमागे शेवट ऐकायचा? बरं दिसत नाही." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "तो आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही गं. नसला तर काय करू, या भीतीनेच गेलो नाही इतकी वर्षं."

म्हणजे हा माणूस दर रविवारी नुसती गाणी ऐकत नव्हता. मी म्हटलं, काका, येत्या रविवारी जाऊ. मी येते. त्यांनी नाही नाही म्हणत रविवारी सकाळी दोन शर्टांना इस्त्री केली.

रिक्षाने बोरिवली, मग खाडीपलीकडे नेणारी होडी. काकांच्या एका पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर आणि कॅसेट, दुसरीत लुगड्यात गुंडाळलेली प्लेट. माझ्या पर्समध्ये मोबाइल, शेवट तयार ठेवलेला. होडीत काका दोन्ही पिशव्या मांडीवर घट्ट धरून बसले. गोराईत उतरल्यावर मात्र पाय आपोआप वळत होते. देवळाजवळचं नवं बांधकाम बघून एकदा थबकले, तेवढंच. एका घराच्या पडवीत हाफ पँट घातलेला, टक्कल पडलेला माणूस भोपळ्याच्या बिया निवडत बसला होता. काका अंगणात उभे राहिले. त्या माणसाने चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं.

"गावडे," तो म्हणाला. "आलास काय रे गावावरून?"

काकांनी लुगडं सोडून प्लेट त्याच्या पुढ्यात ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं: गच्ची, पातेलं, आमसुलं, माळा. फ्रान्सिसने वाडगा उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला. "म्हणजे ती सोलकढी," तो म्हणाला, आणि इतका हसला की बिया पडवीभर झाल्या. मग हसू ओसरलं. "प्लेट काय रे, काकाने सहा महिन्यांत दुसरी आणली. मी म्हटलं, गावडे येईल तेव्हा लावू. तू आलाच नाय. मला वाटलं, मी काय तरी बोललो असेन."

अशा वेळी काय करावं ते मला सुचेना, म्हणून मीच कॅसेट लावली. दोन्ही गिटारी भांडायला लागल्या आणि ते दोन म्हातारे, न ठरवता, एकाच ठेक्यावर गुडघ्यावर बोटं आपटायला लागले. कोंबडा आरवला. फ्रान्सिस म्हणाला, की हा आपला तांबडा, पुढच्याच ईस्टरला खाल्ला त्याला. काकांना ते कळून जरा वाईट वाटलेलं दिसलं. दुसरी बाजू लागली. शेवटचं गाणं आलं, गिटारी हातघाईवर आल्या. मी पर्समधून मोबाइल काढून अंगठा तयार ठेवला.

"जेवून जा रे पोरा, होडी कुठे पळत नाही."

खट्.

काका सवयीने उठले. फ्रान्सिस उठला नाही. त्याच्या हातातली बी हातातच राहिली होती. "ही मम्मा," तो म्हणाला. "मम्मा बोलली." त्याची आई जाऊन तीस वर्षं होत आली होती. घरात तिचा एक फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. नातवंडं विचारायची, की मम्मा कशी बोलायची, आणि त्याला सांगता यायचं नाही. हळूहळू त्यालाच आठवेनासा झाला होता. "परत लाव," तो काकांना म्हणाला.

काकांनी टेप थोडी मागे घेतली. परत जेवून जा, परत खट्. परत मागे. दर रविवारी ही हाक ऐकणाऱ्या काकांच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं, की प्लेट घालवली म्हणून आपण लपून बसलो आणि याहून मोठी वस्तू आपल्याकडेच सांभाळून ठेवली. मी मोबाइल पर्समध्ये टाकून चेन लावली. आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट उदाहरणाचं मला काही वाटलं नाही. आत फ्रान्सिसच्या सुनेने बोंबील तळायला घेतले होते. काका या वेळी जेवून निघाले.

परतीच्या होडीत त्यांच्याजवळची पिशवी हलकी होती. कॅसेट टेपरेकॉर्डरसकट गोराईलाच राहिली. "आणि शेवट?" मी विचारलं. काकांनी खाडीकडे बघत सांगितलं, की दुसऱ्या प्लेटेवरची धूळ पुसायची आहे, सुई बदलायची आहे, एकदम सगळं एका दिवसात कशाला.

पुढच्या रविवारीही दहा वाजून बारा मिनिटांनी कोंबडा आरवला नाही. दुसऱ्या मजल्यावरून फोन आला, काका बरे आहेत ना? तळमजल्यावरून आला. मी वर जायला दार उघडलं, तर काका जिना उतरत होते. शर्टाला कडक इस्त्री, खिशात रुमालात गुंडाळलेली नवी सुई, हातात गच्च भरलेली पिशवी. मी विचारलं, पिशवीत काय?

"आमसुलं," काका म्हणाले. "रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही."