एकोणीस महिन्यांचा नॉब

सोमवारी सकाळी साडेसहाला सूर्यकांत भोयरने ड्राइव्हवेत उभ्या गाडीची डिकी उघडली, खोक्यातल्या सिंथसायझरवरचं फडकं बाजूला केलं आणि हातमोजा काढून त्यावरचा मोठा नॉब फिरवून पाहिला. नॉब फिरला नाही. त्याने जोर लावला. तरी नाही. कॅनडातल्या कनाटात त्या पहाटे उणे सत्तावीस होतं आणि मशीन रात्रभर डिकीत होतं. ते तिथे ठेवणाराही सूर्यकांतच. सकाळच्या घाईत विसरायला नको म्हणून त्याने ते आदल्या संध्याकाळीच गाडीत नेऊन ठेवलं होतं. आयुष्यात त्याचं जे जे नुकसान झालं होतं, ते खबरदारी घेतल्यामुळेच झालं होतं.

सूर्यकांत मूळचा नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर. गेली बावीस वर्षं तो कनाटातल्या एका छोट्या कंपनीत होता. कंपनी संगीतकारांसाठी सिंथसायझर आणि ड्रम मशीन बनवायची. आतल्या सर्किटांशी सूर्यकांतचा संबंध नव्हता. त्याच्याकडे बाहेरची बाजू होती : पेटी, पट्ट्या, बटणं, नॉब. बटण किती खोल दाबलं जावं, दाबलं गेल्याचं बोटाला कसं कळावं, नॉबने बोटांना किती अडवावं, हे तो ठरवायचा. त्याला स्वतःला काही वाजवता येत नव्हतं. पण त्याच्या बटणांवर बोट ठेवलं की माणसाला वाजवावंसं वाटायचं, आणि याचा त्याला अभिमान होता, जरी हे त्याला आजवर कोणी सांगितलं नसलं तरी.

हा मोठा नॉब त्याचं शेवटचं आणि सगळ्यात लाडकं काम. तो फिरवला की आवाज बंद दारामागून हळूहळू अंगणात आल्यासारखा मोकळा व्हायचा. आतून अ‍ॅल्युमिनियम, वरून मऊ रबर, आणि तळाशी एक घट्ट ग्रीस, ज्यामुळे तो पाकातून चमचा फिरावा तसा फिरे. त्यासाठी सूर्यकांतने अकरा प्रकारची ग्रीस तपासली होती. नॉबला एकोणीस महिने लागले होते.

महिन्यापूर्वी कंपनी विकली गेली. नव्या मालकांना सगळ्या मशीनवर काचेची स्क्रीन हवी होती. सूर्यकांतची मॅनेजर निधी ठाण्याची, वयाने त्याच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान. ती त्याला मीटिंगमध्ये "सूर्या" म्हणायची आणि कॉरिडॉरमध्ये "काका".

"काका, मी तुमच्यासाठी दहा मिनिटं मागून घेतलीत," ती शुक्रवारी म्हणाली होती. "सोमवारी दहाला कॉलिन येतोय, नव्या ओनर्सकडून. त्याच्या हातात मशीन द्या. हाताला पटलं तर नॉब राहतील. नाही तर सगळं स्क्रीनवर, आणि मग तुमच्या पोझिशनचं काय, ते मला सांगता येत नाही."

असं एकच मशीन तयार होतं. तेच आता डिकीत गोठलं होतं.

"अहो, काय करून राहिले तिथे?" दारातून अरुणा ओरडली. "दार सताड उघडं, सगळी हीट बाहेर चालली!"

सूर्यकांतने मशीन उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणलं. दोन मिनिटांत त्याला घाम फुटला, मशीनला. उबदार घरात आलेल्या थंड धातूवर पाण्याचे थेंब जमले आणि पट्ट्यांच्या फटींकडे ओघळू लागले.

"हेअर ड्रायर आणू?" अरुणाने विचारलं.

"आण. पण गरम हवा नको. त्यावर एक निळं बटण आहे, ते दाबून धर. थंड हवा येते. मी तोवर ड्राइव्हवे शोव्हल करून येतो, रस्त्याच्या प्लाऊने तोंडाशीच बर्फाचा ढीग करून ठेवलाय."

अरुणाने निळं बटण चार मिनिटं दाबून धरलं. पाचव्या मिनिटाला तिचं बोट दुखायला लागलं. ज्याने कोणी ते बटण बनवलं होतं, त्याला बोटांशी देणंघेणं नव्हतं. तिने बोट काढलं. गरम हवा सुरू झाली, आणि काम भराभर होतंय हे पाहून तिला बरंच वाटलं.

सूर्यकांत परतला तेव्हा मशीन कोरडं ठणठणीत होतं. त्याने आशेने नॉब धरला. रबराखालचा गोंद वितळला होता, ग्रीस पातळ होऊन वर आली होती. नॉब फिरला नाही, सरळ हातात आला. मग ग्रीसमुळे हातातूनही निसटला, फरशीवर पडला आणि घरंगळत भिंतीकडे निघाला. भिंतीशी फरशीतच हीटिंगची गरम हवा येण्याचं भोक होतं. त्यावरची जाळी अरुणाने काल धुवायला काढली होती.

टण, टण, टण. मग बराच वेळ काहीच नाही. मग बेसमेंटच्या दिशेने आणखी एक टण.

त्यांची सोळा वर्षांची मुलगी गौरांगी सीरियलचा वाडगा घेऊन हे बघत होती. "डॅड, इट्स जस्ट अ नॉब," ती म्हणाली.

त्या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. अरुणाने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. मग तिघांनी मिळून भोकात टॉर्च मारला, हँगर घातला, व्हॅक्यूमचा पाइप घातला. पाइपला मोजा मिळाला, एक लेगो मिळाला. नॉब मिळाला नाही.

"ऑफिसात दुसरा नाही का?" अरुणाने विचारलं.

"माझं सॅम्पलचं कपाट शुक्रवारीच रिकामं केलं त्यांनी. रिसायकलिंगमध्ये गेलं सगळं."

साडेआठ वाजले होते. मशीनच्या मधोमध धातूचा उघडा दांडा उभा होता, पडलेल्या दाताच्या जागी खुंट दिसावा तसा. सहा मिलिमीटर, एका बाजूने चपटा. सूर्यकांत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर स्टोव्हकडे गेली.

"नाही हं," अरुणा म्हणाली.

"एकच काढतो. बाकी तीन आहेत."

"मोठ्या बर्नरचाच कशाला?"

"आकार तोच आहे."

स्टोव्हचा काळा प्लास्टिकचा नॉब दांड्यावर चपखल बसला. फिरवताना तो किंचित डुगडुगत होता आणि खालची कड पत्र्याला घासून बारीक कर्रर्र आवाज येत होता. बावीस वर्षांत सूर्यकांतने असा नॉब टेबलावरसुद्धा ठेवून घेतला नसता. वर पांढऱ्या अक्षरांत आचेच्या खुणा होत्या. अरुणाने नेलपॉलिश रिमूव्हरने त्या घासल्या. कमी आणि मध्यम आचेच्या गेल्या. मोठ्या आचेची 'HI' ही अक्षरं काही केल्या निघेनात, आणि घड्याळ थांबत नव्हतं.

दहा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये कॉलिनने मशीन पुढे ओढलं. चाळिशीचा, हसतमुख माणूस. सूर्यकांतने बोलायला तोंड उघडलं. तो आधीच सांगून टाकणार होता की हा नॉब तात्पुरता आहे. पण कॉलिनने तोवर एक पट्टी दाबून तो फिरवला होता. कर्रर्र. आवाज खोलीभर मोकळा झाला. कॉलिनने पुन्हा फिरवला. मग डोळे मिटून फिरवला.

"हा नॉब हाय म्हणतो!" डोळे उघडून अक्षरं वाचत तो म्हणाला. "मशीन आपल्याला हाय म्हणतं! किती गोड कल्पना आहे."

निधी सूर्यकांतकडे बघत होती. सूर्यकांत टेबलाकडे बघत होता.

"आणि हात लावल्यावर काय वाटतं! नवा वाटतच नाही. कोणीतरी रोज प्रेमाने वापरल्यासारखा. हा घासण्याचा आवाज तर फारच खरा आहे. हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

अरुणाने नऊ वर्षं वरणाला उकळी आणताना तो फिरवला होता. सूर्यकांतला सांगायचं होतं की माझा नॉब असा नव्हता, तो पाकातून फिरायचा, आणि तो हाती घेतला असतात तर तुम्ही डोळे उघडलेच नसते. पण निधीने मागून घेतलेल्या दहा मिनिटांतली सहा संपली होती, समोरचा माणूस खूश होता, आणि सूर्यकांतचं वय छप्पन्न होतं.

"हो," तो म्हणाला.

"किती वेळ लागला?"

"एकोणीस महिने," सूर्यकांत म्हणाला. हे मात्र खरं होतं.

कॉलिनने कौतुकाने मान हलवली आणि नॉब ओढून बाहेर काढला. त्याने तो उलटा केला. आत बारीक अक्षरांत पार्ट नंबर कोरलेला होता. त्याने फोन काढून नंबर टाइप केला.

"अरे, हा तर बाजारात तयार मिळतो," कॉलिन म्हणाला, आणि सूर्यकांतने मशीनवर टाकायला फडकं उचललं. पण कॉलिनचा चेहरा उलट आणखी उजळला. "एकोणीस महिने शोधून तुम्ही या निष्कर्षाला आलात! ग्रेट. वेगळं काही बनवायलाच नको." त्याने उठून सूर्यकांतशी हस्तांदोलन केलं. दोन्ही हातांनी.

तीन वाजता निधीने त्याला केबिनमध्ये बोलावलं. ती दार लावून बसली आणि इंग्रजीत बोलू लागली, तेव्हाच त्याला कळलं. सगळ्या मशीनवर नॉब राहणार होते, स्क्रीन रद्द झाली होती, हा सूर्याचा मोठा विजय होता. आता नॉब तयार येणार, बटणंही तयार येणार, त्यामुळे ही बाजू सांभाळायला वेगळी पोझिशन ठेवण्याची गरज उरत नव्हती. कागद टेबलावरच होते.

"मला खरंच वाईट वाटतंय," शेवटी ती मराठीत म्हणाली. "पण काका, खरं सांगू? नॉब सुंदर होता."

सूर्यकांतने मान डोलावली. ग्रीसच्या अकरा डब्या आणि कॉफीचा मग घेऊन तो पार्किंगमध्ये आला आणि गाडीत बसून राहिला. काचेवर बारीक बर्फ साचू लागला होता. फोन वाजला.

"काय झालं हो?" अरुणाने विचारलं. "सकाळपासून कामावर कशातच लक्ष लागलं नाही माझं."

"नॉब राहिला."

"खरं?" ती आनंदाने ओरडली. "स्क्रीन नाही?"

"नाही. सगळ्या मशीनवर नॉबच. त्यांना फार आवडला."

"बघा! उगाच घाबरून राहिले होते तुम्ही. मी गौरांगीला मेसेज करते. आज बाहेर जेवायला जाऊ."

सूर्यकांतने मांडीवरच्या ग्रीसच्या डब्या बाजूच्या सीटवर ठेवल्या. त्यांचा खणखणाट पलीकडे अरुणाला ऐकू गेला.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने वायपर सुरू केले. काच एकदा स्वच्छ झाली, समोर कंपनीची इमारत दिसली, आणि पुन्हा पांढरी झाली.

"अहो," अरुणा म्हणाली, "हळू चालवा. रस्ते निसरडे झालेत."