इलेनियाचे गैरहजर तीन तास

परकी भाषा शिकायची तर ती जिथे बोलली जाते तिथेच जावं लागतं, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. इटलीतल्या तेर्मोली गावच्या एका शाळेतही नव्हतं. म्हणून एक्केचाळीस मुलं आठ दिवसांसाठी इंग्लंडातल्या एका किनाऱ्यावरच्या गावी रवाना झाली. (सोबत त्यांच्या शिक्षिका लोरेदानाबाई, कॉफीची सहा भांडी आणि नऊ किलो पास्ता. इंग्रज लोक उपाशी मारतात, यावर मुलांच्या आयांचं एकमत होतं.)

सहलीला सात नियम होते आणि प्रत्येकाखाली पालकांची सही. चौथा नियम असा: अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. आता त्या गावात मुलांच्या ओळखीचा एकही इंग्रज नव्हता. तेव्हा इंग्रजी संभाषणाचा सराव मुलांनी बागेत गोल उभं राहून आपापसांतच करावा, असं ठरलं. रोज तीन तास. विषय: हवामान.

त्या मुलांतल्या इलेनियाला सहलीअखेर मिळणारं इंग्रजीचं प्रमाणपत्र हवंच होतं. ते मिळालं तर उन्हाळ्यात हॉटेलच्या स्वागतकक्षात काम, नाहीतर मामाच्या दुकानात माशांचे खवले काढणं. दोन उन्हाळे खवले काढून पोरगी त्या वासाला विटली होती.

पाचव्या दिवशी सरावाला जाताना ती भलत्याच बसमध्ये चढली. फोन बंद पडलेला. आधी ती रडली. मग तिने इंग्रजीत ड्रायव्हरला रस्ता विचारला, एका आजोबांना विचारला, मग केस कापणाऱ्या एका बाईला. त्या बाईने चहा पाजला आणि नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी सांगितली. इलेनियाने तिला दोन सल्लेही दिले.

"कुठे उलथली होतीस गं?" ती परतल्यावर लोरेदानाबाई कडाडल्या. "जीव टांगणीला लावलास माझा!"

"बाई, मी बोलले! सगळ्यांशी! आणि त्यांना कळलंसुद्धा!"

"अनोळखी माणसांशी?" बाई मटकन बाकावर बसल्या.

प्रमाणपत्राला हजेरी पूर्ण लागते. 'संभाषण सराव: तीन तास गैरहजर,' असं बाईंनी लिहिलं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पण नियमाला वाईट वाटत नाही. उरलेल्या चाळीस जणांना 'अस्खलित' असा शेरा मिळाला.

त्यांतला लुदोविको हॉटेलात लागला. इंग्रज पाहुणे आले की तो हवामान सांगतो आणि मासळीच्या दुकानाकडे धूम ठोकतो. "इलेनिया, चल ना गं, त्यांना अजून काहीतरी हवंय!" इलेनिया हात पुसते, जाऊन बोलते आणि परत येऊन खवले काढते. पगार अर्थात अस्खलिताला.

पुढच्या पालकसभेत चौथा नियम एकमताने कायम झाला. इलेनियाच्या आईचाही हात वर होता.

हसू आलं ना? मग हा घ्या यंदाचा अर्ज, हे पेन. वर तुमच्या मुलीचं नाव आहे. खोडा बघू चौथा नियम.