निळं पातळ

इंजिनाच्या धुरातली उष्णता पकडायला कुठलं पातळ वापरावं, हे आमच्या खात्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. म्हणजे, मी म्हणतो आणि कुणी खोडून काढत नाही.

गंमत साधी आहे. इंजिन निम्मं तेल नुसतं तापण्यात घालवतं आणि तो ताप नळीतून बाहेर फेकतं. त्या नळीभोवती एखादं पातळ खेळवायचं. ते उकळलं की वाफ चाक फिरवते, चाक वीज करतं, वाफ निवते आणि पातळ पुन्हा कामावर हजर! पाणी आळशी, उशिरा उकळतं. स्पिरिट भडक डोक्याचं, पेटच घेतं. तीन वर्षं खपून मी एक निवडलं, झटकन उकळणारं आणि झटकन निवणारं. गळती दिसावी म्हणून त्यात निळा रंग घातलेला. कागदोपत्री त्याला ‘कार्यकारी द्रव’ म्हणतात, पण एवढं बोलेपर्यंत ते उकळून जाईल, म्हणून आम्ही नुसतं ‘पातळ’ म्हणतो. तिथेच माझा घात झाला.

त्या दिवशी अकराला तपासणी अधिकारी येणार होते. चाक फिरलं तर काम चालू, नाहीतर आमच्या खोलीला कुलूप! आणि सव्वादहाला माझ्याच कोपराने पातळाचा डबा कलंडला. तीन वर्षांची मेहनत फरशीवर, आणि बघता बघता हवेत!

जादा बाटली घरी होती. खात्यातल्या उकाड्यात ती फुगते, म्हणून मी ती आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, कुणाला न सांगता सरकवून ठेवली होती. मी बाबांना फोन लावला. मागे इंजिन बोंबलत होतं.

“बाबा, आतल्या कपाटातलं निळं पातळ घेऊन या! लगेच!”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

“बाबा?”

“निळं? कशाला रे?”

“साहेबांना दाखवायचंय! आज त्याच्याशिवाय माझं काही खरं नाही!”

“माझंही,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, थट्टा करताहेत.

अकराला अधिकारी आले. पाठोपाठ धापा टाकत बाबा. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, छातीशी धरलेला उशीचा अभ्रा. बाटली चक्क अभ्र्यात! केवढी ही काळजी! मी कौतुकाने सगळ्यांसमोर अभ्रा उघडला.

दोन डांबरगोळ्या टणटणत इंजिनाखाली गेल्या. माझ्या हातात आईचं निळं पातळ होतं. नेसायचं!

आईला जाऊन आठ महिने झाले होते. कपाटाचा वरचा कप्पा तिचा. बाबांनी त्याला तेव्हापासून हात लावला नव्हता. त्या खोलीत ते झोपतही नव्हते.

अधिकाऱ्यांचं डोकं फॉर्ममध्ये. मान वर न करता त्यांनी बाबांनाच विचारलं, “किती वेळात तापतं?”

“लगेच!” बाबा म्हणाले. “पण निवायचीही लगेच.”

“गळती?”

“घरातलं कधी बाहेर जाऊ दिलं नाही तिने.”

“टिकतं किती?”

“एक्केचाळीस वर्षं.” बाबांचा आवाज फुटला. “कमी पडली हो.”

आता अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. कुणीतरी इंजिन बंद केलं. आठ महिन्यांत मी रडलो नव्हतो, तो तिथे, अख्ख्या खात्यासमोर, भोकाड पसरून रडलो!

खोलीला कुलूप लागलं. घरी आलो तेव्हा बाबा पलंगावर पातळाची घडी घालत बसले होते. ती त्यांना काही जमेना.

“चाक फिरलं नाही ना रे? माझ्यामुळे?”

“नाही हो बाबा. पातळ मीच चुकीचं निवडलं.”

बाबांनी घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, “हे मी निवडलं होतं. एकट्याने दुकानात जाऊन. बघताक्षणी म्हणाली, ‘तुम्हाला मेलं एक पातळ धड निवडता येत नाही!’ आणि जन्मभर सगळ्यांत जास्त हेच नेसली.”

म्हणजे हे आमच्या घराण्यातच आहे तर!