मातीपरीक्षणवाले गुलाबराव

गुलाबराव डिगरसे यांच्या खिशात पेन नसलं तरी चालतं, पण चार रिकाम्या पिशव्या लागतातच. प्लास्टिकच्या, वीतभर, तोंड बांधायला दोरा असलेल्या. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी समोर काहीही आलं की हात आधी पिशवीकडे जातो. सौंसरला मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा ते स्वागताला आले आणि जाताना माझ्या अंगणातली मूठभर माती घेऊन गेले. आठ दिवसांनी निकाल सांगितला, "मास्तर, तुमच्या अंगणात चुना जास्त आहे. गुलाब लावू नका." मी गुलाब लावणार नव्हतोच, पण तेव्हापासून उगाच हळहळ वाटते.

एकदा गुलाबरावकाकांबरोबर जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. पावभर पेढे घ्यायचे होते. काकांनी परातीच्या चार कोपऱ्यांतले चार आणि मधला एक असे पाच पेढे उचलले, कुस्करून एकत्र केले आणि त्यातली चिमूट तोंडात टाकली. "एका जागचा नमुना खोटा बोलते," ते मला म्हणाले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, आता पावभर कायले घेता? झालं ना खाऊन!"

संत्र्याच्या बागा असलेल्या गावात असा माणूस म्हणजे डोक्याला ताप. झाडं पिवळी पडली की लोक युरिया टाकून मोकळे होतात. काका बांधावर उभे राहून ओरडतात, "झाड पिवळं आहे हे मलेबी दिसून राहिलं. काऊन पिवळं आहे, ते दिसून राहिलं का तुले?" कुणाला जस्त कमी असतं, कुणाला लोह, कुणाच्या मुळाशी पाणी साचलेलं. दहांतला एखादा ऐकतो. बाकीचे काका दिसले की बैल दुसऱ्या वाटेनं हाकतात.

मग काकांच्या बायकोचा, सुशीलाकाकूंचा, खोकला थांबेना. काका त्यांना घेऊन नागपूरला गेले, बसमध्ये सोबतीला मी. छातीत सुई घालून तुकडा काढला, आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला. काकूंनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, "फुप्फुसाचा कर्करोग सगळ्यांचा सारखा नसतो. काहींच्या गाठीच्या पेशींत एखादा ठरावीक बदल असतो. तो सापडला तर नेमकी त्यावरची गोळी देता येते. नाही सापडला तर दुसरे उपचार आहेत. याला बायोमार्कर तपासणी म्हणतात. दोन-तीन आठवडे लागतील, तेवढं थांबू."

लोधीखेड्याहून आलेला काकूंचा भाऊ उसळला. "तीन हप्ते? इथं माही बहीण खोकलून राहिली अन् तुम्ही कागदाची वाट पाहून राहिले? आजच सलाईन लावा!"

आम्हाला वाटलं, काका रडतील. काका खुर्चीत सरसावून बसले. "पाहुणे, पिवळं दिसलं का युरिया टाकाचा, असं नसते. थांबा." मग डॉक्टरांकडे वळले. "साहेब, नमुना किती जागचा घेतला?"

"एकाच जागचा."

"आमी वावराचा आठ जागचा घेतो. नागमोडी चालत जाचं, वीतभर खड्डा कराचा, सारी माती मिसळाची, चार भाग कराचे, समोरासमोरचे दोन फेकाचे."

डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं. गर्दीचा दवाखाना असूनही ऐकून घेतलं, म्हणून मला ते आवडले.

आठवड्यानं दवाखान्यातून फोन आला. तुकडा तपासणीला पुरला नाही, पुन्हा काढावा लागेल. काकांचा चेहरा फुलला. "सांगतलं होतं का नाही मी?" असं म्हणत ते टाळी द्यायला माझ्याकडे वळले, आणि मागे काकू उभ्या दिसल्या. हात तसाच खाली आला. "पुन्हा सुई नाही," ते म्हणाले. "राहू द्या. तसंच करा म्हणा जे कराचं ते." नमुना नको असं हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला असावा.

काकू म्हणाल्या, "माती कधी बोंबलली का तुमच्यासमोर? मंग मीबी नाही बोंबलत. घेऊ द्या." त्यांनी पुन्हा सुई घेतली, आणि खरंच हूं की चूं केलं नाही. बाहेर बाकावर काका मात्र कण्हत होते.

निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. बदल सापडला होता. गोळी चालणार होती. "मुळापासून जाईल असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दाबून धरता येईल, आणि बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो." काकूंना वजन करायला बाहेर नेलं. मी आनंदानं उठलो, पण काका उठले नाहीत.

"साहेब, हे कायच्यानं झालं, तेबी निघते का या कागदात?"

"नाही काका. कोणतं औषध चालेल, एवढंच कळतं."

"मी चाळीस वर्षं घरात बसून बिडी ओढली. दारं लावून. हिच्या स्वयंपाकाच्या बाजूले." त्यांनी बाही वर केली. "पायजे तर माहा नमुना घ्या."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "घरातल्या धुरानं धोका वाढतो, हे खरं. पण काकूंना त्यानंच झालं का, हे कोणतीच तपासणी सांगू शकत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही.

"डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "याइले लिहून द्या. मी घरी दहादा सांगतलं, का तुमच्याच्यानं नाही झालं म्हणून. कागदाबिगर याइले पटत नाही."

डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग थोडा विचार करून खाली एक ओळ लिहिली: 'या तपासणीत काकांचा दोष आढळलेला नाही.'

काकांनी ती दोनदा वाचली. कागद परत पुढे सरकवला. "सही राहिली, साहेब."

डॉक्टरांनी सही केली. काकांनी कागदाची घडी केली, बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. काकू शेजारी बसल्या. "आता पुरे," म्हणाल्या, "बस निघून जाईन." पण उठल्या नाहीत.