छायाचित्रकार: अज्ञात

फोटोतला खोटेपणा मला शंभर पावलांवरून कळतो! आमचा स्टुडिओ दोन पिढ्यांचा. आधी बाबा, आता मी. नवरदेवाने पोट आत ओढून धरलंय की मुळात नाहीच, हे मी फोटो उलटा धरला तरी सांगेन. अशा माणसाने स्वतःच खोटे फोटो केले आणि त्यापायी सत्तरी ओलांडलेल्या आईवर भलताच आळ आणला, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभर लोकांचे फोटो काढले, आमचेही ढिगाने काढले, पण काढणारे तेच, त्यामुळे फोटोत कधीच नाहीत; मी कॅमेरा रोखला, की 'आधी गिऱ्हाईक बघ' म्हणून हाकलायचे. ओळखपत्रावर एक आहे, पण तो असा की ओळखपत्र दाखवलं की बाबांना हमखास अडवायचे!

आई अधूनमधून म्हणायची, "अरे, यांचा एखादा बरा फोटो सापडतोय का बघ ना. भिंत मोकळी ठेवलीय मी."

मी अल्बम काढून बसायचो. बागेतल्या बाकावर आई. नव्या सायकलपाशी आई. बोटीच्या कठड्याला टेकून आई. बाबा नाहीत. पुढे पुढे मला ते अल्बम उघडायचीच भीती वाटू लागली. बाबांचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागत होते, आणि हे आईला सांगायची सोय नव्हती.

अशात एका कलादालनाच्या बाई स्टुडिओत आल्या. प्रदर्शन भरवत होत्या. "खरं आणि रचलेलं यांची सरमिसळ!" बाई म्हणाल्या. "हल्ली फोटोग्राफीत तेच चाललंय. जुना अस्सल फोटो घ्यायचा आणि त्यात एक गोष्ट घुसवायची. पुरावा कुठे संपला आणि कादंबरी कुठे सुरू झाली, ते बघणाऱ्याला कळता कामा नये."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोष्ट कशाला, बाबाच घुसवतो! दालनालाही फोटो, आईलाही फोटो. एका दगडात दोन पक्षी!

बाबांचा कोट काढला, चष्मा लावला. नाक मला त्यांचंच मिळालंय. पोट मात्र स्वकष्टार्जित, त्यामुळे बटणं लागेनात. "अहो, श्वास सोडू नका हं," बायको दिवा धरून ओरडली, "एक बटण आत्ताच माझ्या कानावरून गेलं!" असे अकरा फोटो काढले, कॉम्प्युटरवर स्वतःला कातरलं आणि आईच्या शेजारी नेऊन बसवलं. सावल्या जुळवल्या, कागदाचा पिवळेपणा जुळवला. मीच मला ओळखेना! रविवारी आईला दालनात नेऊन चकित करायचं ठरवलं आणि तोवर तोंडाला कुलूप घातलं.

फोटोंखाली चिठ्ठी लावायची वेळ आली. छायाचित्रकार कोण लिहू? बाबांचं नाव लिहावं, तर बाबा फोटोत बसलेले! माझं लिहावं, तर तेव्हा मी दुपट्यात. मग झोकात लिहिलं, "माझे आईबाबा. छायाचित्रकार: अज्ञात." अज्ञात म्हटलं की कसं वजन येतं!

दुसऱ्याच दिवशी अभिप्रायाच्या वहीत पहिलं वाक्य, "नवरा शेजारी असून ही बाई एकदाही त्याच्याकडे बघत नाही!" खाली वेगळ्या अक्षरात, "पण कॅमेऱ्याकडे बघून किती गोड हसते." त्याखाली, "अकराही फोटोंत! कॅमेऱ्यामागे कोण होतं?" आणि सगळ्यात खाली जाड पेनाने, "बिचारा नवरा!"

मी धावत फोटोंपाशी गेलो. बघतो तर खरंच की! शेजारी मी कोटात ताटकळतोय, आणि आई सरळ समोर बघून अशी हसतेय, की तसं हसताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं मी अल्बममध्ये बाबांना शोधत होतो. आईकडे बघितलंच कुणी होतं?

चिठ्ठी बदलावी म्हणून घरी पेन आणायला गेलो, तर आत्या माझ्याआधी पोचलेली! बाबांची ही धाकटी बहीण सकाळीच प्रदर्शन पाहून आली होती.

"वहिनी, बोटीवर तुम्ही दोघंच गेला होतात ना?" तिचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "मग दादाचा फोटो कुणी काढला? हा अज्ञात कोण? आणि त्याच्याकडे बघून इतकं हसायला काय झालं होतं?"

"आत्या, अगं ऐक," मी मध्ये पडलो.

"तू गप्प बस! तुला काय माहीत? तू दुपट्यात होतास!"

तिने मोबाइल आईपुढे धरला. आईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"कोट यांचाच आहे," आई म्हणाली. "पण आत कोण कोंबलंय?"

मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. आत्या जरा नरमून म्हणाली, "ते ठीक आहे. पण वहिनी, समोर कोण होतं?"

"तुझा दादा! आणखी कोण असणार?" आई म्हणाली आणि या वयात चक्क लाजली.

"आई, चुकलो," मी म्हणालो. "आजच उतरवतो सगळे. पण भिंतीला लावायला बाबांचा फोटो काही मिळाला नाही गं."

"तो बोटीवरचा खरा फोटो आण. मी एकटी आहे तो."

मी आणला. आईने त्यावरून पदर फिरवला. "मीही वेडीच. चार वर्षं यांना शेजारी शोधत होते. शेजारी कुठले सापडायला? हे समोर आहेत. बघ ना, किती जवळ उभे आहेत! लोक बघतायत, जरा मागे सरका म्हटलं, तर ऐकायचं नाव नाही."

मला बाबांची अशी काही आठवण आली, की पन्नाशीचा घोडा मी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. आत्याही रडली. तिला सोडायला नंतर बायकोला जावं लागलं.

तर आता दर्शनी भिंतीवर बाबांचा फोटो म्हणून आईचा फोटो आहे. परवा शेगडी दुरुस्त करायला माणूस आला. फोटो पाहून बिचाऱ्याने आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "आई केव्हा गेल्या?"

"कुठे जातेय!" आतून आई ओरडली. "'हलू नकोस' म्हणून सांगून गेलेत हे. बसलेय आपली कधीची!"

माणूस जो पळाला, त्याचा पाना अजून आमच्याकडेच आहे.