गजाभाऊ आणि नवव्या रांगेतली खडी

गजाभाऊ देवतळे रस्ता चाखून बघतात.

तुम्हाला वाटेल, मी नेहमीप्रमाणे फुगवून सांगतोय. नाही हो. सायकलवरून उतरतात, वाकतात, रस्त्यातली चिमूटभर माती उचलतात, पुढच्या दोन दातांत धरतात आणि डोळे मिटून उभे राहतात. चेहऱ्यावर भाव असा, की सुनेच्या हातच्या पहिल्या आमटीला मीठ कितपत पडलंय ते ठरवायचंय. "करकरली तं वाळू," ते सांगतात. "चिकटली तं चिकणमाती. आणि पिठासारखी पसरली, तं समज बावा, पावसात हा रस्ता तुले दगा देणार."

मग बाजूला वळून थुंकतात आणि पुढे निघतात.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारच्या शेतातल्या एका फ्रेंच शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरून आला आणि आपलं अर्धं सँडविच गजाभाऊंपुढे धरलं. माणूस भुकेने माती खातोय असंच त्याला वाटलं असणार. गजाभाऊंनी ते घेतलं, "मेर्सी बाप्पा" म्हणाले आणि खाऊन टाकलं. मला निम्मं हवंय का, विचारलंसुद्धा नाही.

गजाभाऊ मूळ अमरावतीचे. मॉन्ट्रियलला येऊन तीस वर्षं झाली, पण अमरावती त्यांच्यातून कधी निघालीच नाही. व्यवसायाने रस्ते बांधणारे इंजिनियर. सगळी नोकरी डांबर ओतण्यात गेली. आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने सायकल घेतली ती फक्त खडीच्या रस्त्यावर चालवायला! डांबराचं नाव काढलं की नाक मुरडतात. "डांबर म्हणजे आळस. माणूस नुसता पळत जातो. पाहत काही नाही." हलवायाने साखर सोडावी, तसली ही विरक्ती.

ही गोष्ट साधारण दोन हजार आठ-नऊची. खडीवर चालवायची म्हणून वेगळी सायकल असते, हे तेव्हा आमच्या इकडच्या दुकानदारांनाही माहीत नव्हतं. गजाभाऊंनी एका जुन्या सायकलला जाड टायर बसवले, मागे भारतातून आणलेलं लोखंडी कॅरियर ठोकलं आणि पुढे एक घंटी लावली, जिच्या आवाजाने गाई उठून उभ्या राहतात. मी मॉन्ट्रियललगतच्या ब्रोसार्डला त्यांच्या शेजारी राहतो. मी पुण्याचा, पन्नाशीचा, पोट असलेला. "अबे पुणेकर, तू बेसमेंटमध्ये बसून बुरशी धरशील," असं म्हणून त्यांनी मला ओढलं, आणि मे ते ऑक्टोबर दर रविवारी आम्ही गाडीच्या मागे सायकली बांधून तासाभरावरच्या फ्रेंच खेड्यांत जायला लागलो.

रूट आखणार गजाभाऊ. नावंही तेच ठेवणार. चढाचा असला की 'चिखलदरा रूट'. सफरचंदांच्या बागांतून जाणारा 'मोर्शी रूट'. "तिथं संत्री, इथं सफरचंद. फळ बदललं, माणूस तोच. कुंपणावरून हात घातला की ओरडतो." वाटेत चौकाचौकात लाकडी क्रूस उभे असतात. प्रत्येकापाशी गजाभाऊ तीनदा घंटी वाजवतात. "गावची वेस आली. देवाले कळवाले नको?" आणि अंतर? निघताना "पंचवीस किलोमीटर, जास्त नाही" असं सांगितलं, की मी मनातल्या मनात चाळीस धरायचो. एकदा अठ्ठेचाळीस झाले. मी गवतात आडवा पडून म्हणालो, "गजाभाऊ, तुम्ही पंचवीस म्हणाला होतात."

"ते सरळ रेषेत."

रूट कुठलाही असो, तो नवव्या रांगेतून जायचाच. क्वेबेकच्या खेड्यांत शेतांवरची घरं एका ओळीत असतात आणि त्या ओळीसमोरून रस्ता जातो. पहिली रांग, दुसरी रांग असे त्यांचे नंबर. आम्ही उत्तरेकडून निघालो तरी नववी रांग, दक्षिणेकडून निघालो तरी नववी रांग. काशीला जायचं असो की रामेश्वरला, वाटेत हिंगणघाट लागणारच, तशी तऱ्हा. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. इकडची निम्मी गावं कुठल्या ना कुठल्या संताच्या नावाची आहेत, तुम्ही वाटेल तो संत समजा.

कारण उघड होतं. सगळ्या मराठी मंडळींना माहीत होतं. नवव्या रांगेत, एका चढावर, रेणूचं घर आहे.

रेणू म्हणजे गजाभाऊंची एकुलती एक मुलगी. हुशार. रसायनशास्त्रात पीएचडी करत होती, ती मधेच सोडली आणि ल्यूक नावाच्या एका दाढीवाल्या, गोड स्वभावाच्या फ्रेंच मुलाबरोबर संसार थाटला. दोघं मिळून बकऱ्या पाळतात आणि चीज करतात. ल्यूक फ्रेंच आहे याचं गजाभाऊंना काहीच नव्हतं. दुःख बकऱ्यांचं होतं.

"माझ्या आजानं बकऱ्या इकून माझ्या बापाले शिकवलं," ते मला एकदा म्हणाले. "बापानं मले शिकवलं. मी इथं आलो. आन् पोरगी परत बकऱ्यांकडं! तीन पिढ्या काय गोल चक्कर मारून राहिलो होतो का आम्ही?"

त्या रागात तीन वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केलं, की मी त्या घराची पायरी चढणार नाही. त्यांच्या पत्नी शालूवहिनींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "तुम्ही नका चढू. मी चढते." आणि त्या दर पंधरा दिवसांनी पुरणपोळ्या घेऊन गाडीने लेकीकडे जातात, राहतात, बकरीचं दूधही काढतात म्हणे. घरी एकटे राहतात ते गजाभाऊ. मग सायकल आली आणि शपथेतून रस्ता निघाला. पायरी चढायची नाही, एवढंच ठरलंय ना? रस्ता म्हणजे काही पायरी नव्हे.

मात्र शपथेला बाध नको म्हणून त्या घरासमोर ते पाय जमिनीला लावत नाहीत. एरवी दर अर्ध्या किलोमीटरला माती खायला उतरणारा माणूस, तिथे मात्र खाडकन ताठ! मान समोर, डोळे उजवीकडे, घरावर. चढ आहे, खडी सैल आहे, चाक घसरतं, सायकल डुगडुगते, पण पठ्ठ्या उतरत नाही.

त्यात फाटकापाशी रेणूने एक लहानसं टपरीवजा कपाट ठेवलंय. आत बर्फात चीजचे छोटे गोळे, शेजारी पैशाचा डबा. ज्याला हवं त्याने घ्यावं. ते दिसलं की गजाभाऊ पुढे बघतच मला हुकूम सोडायचे, "उतर. दोन घे."

"तुम्ही घ्या ना. तुमच्या मुलीचं आहे."

"माझी शपथ आहे. तुझी आहे का? नाही ना? मंग उतर."

मी उतरायचो. हे तोवर रस्त्यावर गोल गोल घिरट्या घालत. एका रविवारी घिरट्या घालता घालता तोल गेला आणि स्वारी सायकलसकट रस्त्याकडेच्या गवताळ चारीत. मी धावलो. चारीत उताणे पडलेले गजाभाऊ दोन्ही पाय वर धरून ओरडत होते, "पाय नाही लावले! तू साक्षीदार आहेस!" वर कुंपणाशी तीन बकऱ्या आणि त्यांच्या मागे रेणू उभी. गमबूट, डोक्याला रुमाल, हातात बादली. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता. तिने मला विचारलं, "काका, लागलं का त्यांना?" मी गजाभाऊंकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघून म्हणाले, "सांग तिले, नाही."

मग पुढच्या चौकात बसून ते चीज खात. चव त्यांना मुळीच आवडत नसे. "बोकडाच्या काखेत तोंड घातल्यावानी वास आहे," म्हणत, आणि कागद चाटूनपुसून स्वच्छ करत. मला एक तुकडा दिला असेल तर शपथ.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि ऑगस्टमध्ये शालूवहिनींनी बातमी आणली. गावाची नगरपालिका नवव्या रांगेवर डांबर टाकणार. महिन्याभराने सभा आहे. अर्ज कुणी केलाय? रेणूने.

तीन रात्री गजाभाऊंच्या खिडकीत दिवा जळत होता. चौथ्या दिवशी माझ्या दारात उभे. हातात जाडजूड फाइल. "पुणेकर, कोट काढ. सभेले जायचं आहे."

सभा चर्चच्या बेसमेंटमध्ये, संध्याकाळी सात वाजता. तीसेक माणसं, सगळी शेतकरी. समोर टेबलाशी मेयरबाई. पहिल्या ओळीत रेणू आणि ल्यूक. मागे भिंतीशी आम्ही दोघं, कोट घालून, लग्नाला चुकीच्या मांडवात आल्यासारखे.

रेणूने आधी आपली बाजू मांडली. खडीची धूळ चीज सुकवायच्या खोलीत येते. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की रस्त्याचा चिखल होतो आणि डिलिव्हरीची व्हॅन रुतून बसते. लोकांनी माना डोलावल्या. मग मेयरबाईंनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय?

गजाभाऊ उठले. त्यांचं फ्रेंच अस्खलित आहे, फक्त ते अमरावतीत बनवलेलं आहे. त्यांनी फाइल उघडली आणि वीस मिनिटं डांबराच्या विरोधात असे काही बोलले, की निवृत्त होईपर्यंत ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याने कानांवर हात ठेवले असते. खाली चिकणमाती आहे. थंडीत ती फुगणार. तीन हिवाळ्यांत डांबराला भेगा पडणार. कशावरून? मी स्वतः खाऊन बघितली आहे! सभेत कुजबुज झाली. तो सँडविचवाला शेतकरी तिसऱ्या ओळीत होता. तो शेजाऱ्याला कोपर मारून सांगत होता, अरे, हाच तो.

रेणू उभी राहिली. वडिलांकडे न बघता, मेयरबाईंना उद्देशून म्हणाली, "मस्यू देवतळे म्हणतात ते खरं आहे. पण बाजूच्या चाऱ्या खोल केल्या आणि खाली जाड भर घातली, तर चिकणमाती फुगणार नाही. आधी पाणी काढा, रस्ता आपोआप टिकतो. हे मला लहानपणी जेवताना एका इंजिनियरने शिकवलंय. रोज शिकवलंय. वरणभातात आळं करून."

सभा हसली. गजाभाऊ हसले नाहीत. पण माझ्या कानात पुटपुटले, "बरोबर बोलून राहिली." आणि लगेच पुढचा मुद्दा काढला. गाड्यांचा वेग वाढेल, बकऱ्या चिरडतील. रेणू म्हणाली, कुंपण आहे. हे म्हणाले, कुंपण डावीकडे कुजलंय. ती म्हणाली, मागच्या आठवड्यात बदललं. हे म्हणाले, चार खांबच बदलले, पाचवा राहिला. ल्यूक वही काढून लिहून घ्यायला लागला.

शेवटी मेयरबाईंनी चष्मा काढला. शांतपणे म्हणाल्या, "मस्यू, तुम्ही या रस्त्यावर राहता का?"

"नाही."

"शेत आहे?"

"नाही."

"मग डांबर झालं तर तुमचं काय जातं?"

गजाभाऊंनी फाइलमध्ये पाहिलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मी त्यांचा कोट ओढला. म्हटलं, बसा आता.

ते बसले नाहीत. फाइल मिटली. फ्रेंच सोडून दिलं आणि सरळ मराठीत, खाली बघत म्हणाले, "बकऱ्यांच्या कोठ्यापासून फाटकापर्यंत दीडशे मीटर. डांबरावर वीस सेकंद. खडीवर एक मिनिट."

मेयरबाईंनी रेणूकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

ल्यूकने रेणूच्या पाठीवर हात ठेवला. तिने नाक पुसलं, उठली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वडिलांकडे तोंड करून बोलली. "बाबा, रस्ता तर होणारच. व्हॅन रुतते हो आमची." मग म्हणाली, "सायकलला ब्रेक असतात, बाबा."

ठराव मंजूर झाला. गजाभाऊंनी आयुष्यात हरलेली ती एकमेव तांत्रिक चर्चा असावी. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "पाचवा खांब कुजकाच आहे."

पुढच्या जूनमध्ये डांबर पडलं. पहिल्या रविवारी आम्ही गेलो. काळाभोर, गुळगुळीत रस्ता. सायकली नुसत्या सरकत होत्या. ते घर आलं, कोठा आला, आणि गजाभाऊंनी करकचून ब्रेक लावला. मी मागून त्यांच्यावर आदळता आदळता वाचलो. ते उतरले. दोन्ही पाय जमिनीवर. कपाळाचा घाम पुसला, शर्ट खाली ओढला.

"तू हो पुढं," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मले रस्ता तपासायचा आहे."

मी पुढच्या चौकात दीड तास थांबलो. ते आले तेव्हा त्यांच्या पॅंटवर गुडघ्यापर्यंत बकरीचे केस होते आणि कोपराला कोठ्याच्या भिंतीचा ओला चुना लागला होता. त्यांनी घसा साफ केला.

"काम बरं केलं आहे," म्हणाले. "पण सगळं पाहून झालं नाही. पुढच्या रविवारी यावं लागते."

आणि एवढं सांगून माझ्या पुढे निघाले, खूप जोरात.