त्रिभुवन मॅडमचे लाल परिच्छेद

मिरजगावच्या पुढच्या एका गावाची पाण्याची टाकी मी नागापुरात खुर्चीवर बसून, फोनवरून रिकामी केलेली आहे. असा पराक्रम फार लोकांच्या नावावर नसेल.

नागापूर एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी नळयोजनांचं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. गावोगावचे फोन घेणं हे माझं काम. त्या दिवशी तिथल्या पाणी सोडणाऱ्या भाऊंनी विचारलं, "सायेब, येशीकडचा व्हॉल्व्ह आज बंद ठिवायचाय. काय टाकू?"

मी ड्रॉवरमधून सॉफ्टवेअरच्या माहितीचा छापील कागद काढला आणि रुबाबात सांगितलं, "वेळेच्या रकान्यात शून्य टाका."

पूर्वी शून्य म्हणजे बंद होतं. नव्या आवृत्तीत शून्य म्हणजे कुणी हातानं बंद करेपर्यंत चालू. हे भाऊंना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. थोड्या वेळानं परत फोन. "सायेब, टाकी समदी येशीत आली! म्हशी पवायला लागल्यात. आता काय टाकू?"

ऑफिसात सगळे मला हसले. हसल्या नाहीत त्या एकट्या त्रिभुवन मॅडम. त्यांनी माझ्या हातातला कागद मेलेला उंदीर उचलावा तसा कोपऱ्याला धरून उचलला.

"शेळकेभाऊ, हे कुठल्या आवृत्तीचं?"

"मागच्या वर्षीचं असेल."

"असेल?" त्या म्हणाल्या आणि कागद टोपलीत टाकला. "ओळ दाखवा. ओळ नसेल तर बोलू नका."

'ओळ दाखवा' हा मॅडमचा श्वास आहे. आमच्या सॉफ्टवेअरची माहिती देणारी वेबसाइट त्या सांभाळतात. जगात अशा वेबसाइटी पुष्कळ, पण आमच्या साइटवर प्रत्येक परिच्छेदाखाली 'मूळ' अशी निळी अक्षरं असतात. ती दाबली की ज्या कोडबद्दल तो परिच्छेद बोलतोय, त्याच ओळी समोर उघडतात. त्याही आजच्या नव्हेत, परिच्छेद लिहिला त्या दिवशीच्या. आमचा कोड जिथं साठवलेला असतो तिथं कुठलीच जुनी आवृत्ती पुसली जात नाही. कुणी, केव्हा, का बदललं, सगळं राहतं. मी एकदा म्हटलं, सरळ आजच्या कोडलाच जोडा की. त्यावर मॅडम म्हणाल्या, "उद्या अस्लमनं वर चार ओळी घुसडल्या की तुमचा पत्ता तोच आणि बिऱ्हाड दुसरंच."

अस्लम म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. गुणी माणूस, पण मॅडम पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या की त्याची बोटं थबकतात.

"अस्लम, तुझ्या बदलानं माझा परिच्छेद अनाथ झाला."

"मॅडम, कोड चालतोय ना?"

"चालतोय की. कुठं चाललाय, ते लोकांना कळायला नको?"

जोडलेल्या ओळी बदलल्या की तो परिच्छेद आपोआप लाल व्हावा, अशी व्यवस्था मॅडमनी स्वतः केलेली आहे. लाल परिच्छेदावर लिहून येतं, 'कोड बदलला आहे. हा मजकूर अजून तपासलेला नाही.' मग मॅडम बसतात, नवं-जुनं ताडून पाहतात, मजकूर दुरुस्त करतात, जोडणी नव्यानं करतात. तेव्हा कुठं लाली उतरते.

ही सवय ऑफिसच्या फाटकापाशी थांबत नाही. आमच्या हिची शेंगदाण्याची चटणी त्यांना आवडते. एकदा म्हणाल्या, "वहिनींची चटणी मागच्यासारखी नाही." मी घरी विचारलं तर खरंच लसूण कमी केला होता, माझ्या पित्तापायी. पुढच्या खेपेला मॅडमनी रिकामी बरणी धुऊन परत पाठवली. वर चिठ्ठी चिकटवलेली, 'आवृत्ती दुसरी. बदल : लसूण कमी. कारण : भाऊंचं पित्त.' बरणी अजून तशीच आहे. माझं पित्त आता आल्यागेल्याला माहीत आहे.

लोक त्यांना चक्रम म्हणतात. म्हणोत. माझ्यामुळं म्हशी पोहल्या, त्यांच्यामुळं कधी एक रेडकूसुद्धा भिजलेलं नाही.

तर झालं असं, की मालकांचे चिरंजीव, आमचे छोटे साहेब, पुण्याहून आलेल्या एका बड्या गिऱ्हाइकाला वेबसाइट दाखवत होते. नेमकी आदल्या दिवशी नवी आवृत्ती निघालेली. मॅडमची तपासणी अर्धी झालेली. पान उघडलं ते कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं.

पाहुणे गेल्यावर साहेब मॅडमच्या टेबलाशी आले. "गिऱ्हाइकापुढं आपणच सांगायचं, आपलं चुकलंय?"

"चुकलंय असं कुठं म्हटलंय? तपासलं नाही, असं म्हटलंय."

"लोकांना तेवढा फरक कळत नाही."

"मला कळतो."

"आजपासून लाल रंग बंद. आणि त्या 'मूळ'च्या लिंकाही काढा. कोण दाबतंय त्या?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "लिंक गेली तर मजकुराला आधार काय राहिला? माझ्या शब्दाचा? माझा शब्द काही कोड नाही, साहेब. प्रत्येक पानाखाली माझं नाव आहे. ते आधी काढा, मग लिंका काढा. आणि त्या परत लागेपर्यंत मी काही येत नाही."

डबा पिशवीत टाकून त्या श्रीरामपूरच्या एसटीनं घरी गेल्या त्या गेल्याच. साहेबांनी लिंका काढल्या. पानं कशी शुभ्र, देखणी दिसायला लागली. तिकडं अस्लमचा कोड बदलत होता, इकडं पानं जिथल्या तिथं उभी होती. गावोगावचे फोन वाढले आणि मी कुणालाही काही सांगायला घाबरू लागलो. शेवटी साहेब मला म्हणाले, "शेळके, तुमचं ऐकतील त्या. जरा सोडून द्यायला शिका म्हणावं. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

रविवारी मी हिला घेऊन श्रीरामपूरला गेलो. एकट्यानं जायची छाती नव्हती, हे उघड आहे. चर्चच्या मागच्या गल्लीत मॅडमचं घर. दारात मॅडम आणि आत खुर्चीवर त्यांचे वडील. चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू. पांढराशुभ्र सदरा, ताठ मान.

"सलाम, सलाम, बसा," म्हातारबाबा म्हणाले. मग आतल्या दिशेनं हाक, "सरला, पाहुण्यांना चहा टाक. दोनदा द्यायचा हं. पाहुण्याला एका चहावर उठवू नये. लूक, अध्याय चाळीस, वचन तिसरं."

मी नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेला. बायबलातल्या लूकचे अध्याय चोवीस, एवढं माझ्याही डोक्यात पक्कं बसवलेलं. त्यात मॅडमची इतक्या वर्षांची संगत. माझं तोंड उघडलंच, "चाळीस? पण लूकला तर..."

मॅडमनी भराभर येऊन माझ्या हातात बिस्किटांची बशी कोंबली.

"हो पप्पा," त्या म्हणाल्या. "चाळीसच. दोनदा देते."

"शाबास, सरला."

सरला हे मॅडमच्या आईचं नाव. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मॅडमचं नाव मार्था.

चहा दोनदा झाला. बाबांनी आणखी बरीच वचनं सांगितली. एकाचा तर अध्यायच नव्हे, पुस्तकच मला कुठलं ते लागेना. मॅडम प्रत्येकाला मान डोलावत होत्या. त्यांच्या तोंडून एकदाही 'दाखवा' आलं नाही.

निघताना दारात मी चाचरत साहेबांचा निरोप सांगितला. दुसऱ्या माणसाचंही सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वचन चुकलं की पप्पा मला पट्टीनं मारायचे," त्या आतल्या खुर्चीकडं बघत म्हणाल्या. "भर चर्चमध्ये उभं करायचे. आता त्यांना असंच बरं वाटतं." मग माझ्याकडं वळून, आवाज पुन्हा ऑफिसातला, "साहेबांना सांगा, खुशाल दुसरा माणूस बघा. लिंकेशिवाय माझं नाव लागणार नाही."

स्टँडवरून मी साहेबांना फोन लावला. सोडून द्यायला शिकवायचं राहून गेलं, असं म्हणालो नाही. म्हणालो, "साहेब, उद्यापासून गावांचे फोन मी घेणार नाही. मॅडमच्या लिंका लागल्या की घेईन." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग साहेब म्हणाले, "अस्लमला लावायला सांगतो. लालसुद्धा. बाईंना कळवा."

नगरच्या गाडीत खिडकीपाशी बसल्यावर हिनं विचारलं, "तुम्हाला नेमकं काय सांगायला पाठवलं होतं हो?"

"हेच, की बाई, जरा सोडून द्यायला शिका."

गाडी हलली. ही बाहेरच बघत होती.

"दिवसभर त्या म्हाताऱ्यापुढं सोडूनच देते की ती," ही म्हणाली. "सोडायचं ते सगळं घरीच संपतं बिचारीचं. ऑफिसला कुठून आणील?"